टांगलेल्या गिटारसमोर

हे सावकाश वाचायचं आहे. घरात भिंतीवर गिटार असेल तर तिच्यासमोर बसून वाचा. ती अजून कोपऱ्यात कपाटाला टेकून उभी असेल आणि भिंतीवर लावायचा विचार नुसता मनात घोळत असेल, तर जिथे ती यावी असं वाटतं त्या भिंतीसमोर बसा. खुर्ची, चटई, पलंगाचा काठ, काहीही चालेल. मोबाइल दुसऱ्या खोलीत राहू द्या. शक्य असेल तर पंखाही बंद करा. पुढे एके ठिकाणी आपल्याला फार बारीक आवाज ऐकायचा आहे.

आधी भिंत पाहू.

भिंतीवरचं कॅलेंडर, घड्याळ, फोटो आपल्या नजरेत असतात. भिंत सहसा नसते. आता तिच्याकडेच पाहा आणि एकेक प्रश्न मनात येऊ द्या. ही घराची बाहेरची भिंत आहे की दोन खोल्यांमधली? तिच्या पलीकडे काय आहे? मोकळं आकाश, जिना, शेजाऱ्यांची खोली, की आपलंच न्हाणीघर? दुपारी खिडकीतून येणारं ऊन तिच्यावर कुठपर्यंत चढतं? गेल्या श्रावणात तिच्या कोपऱ्यात रंगाचे पोपडे आले होते का? विजेचा बोर्ड कुठे आहे? त्याच्या सरळ वर आणि सरळ खाली वायरींचे पाइप भिंतीत दडलेले असतात, तिथे भोक पाडायचं नाही.

बाहेरची भिंत, त्यातही पावसाची झड थेट अंगावर घेणारी पश्चिमेची भिंत, मनातून काढून टाका. कोकणात आणि गोव्यात जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची घरं असतात. जांभा सच्छिद्र, तो पाणी पितो आणि ते महिनोन् महिने सोडत नाही. शहरातल्या विटांच्या बाहेरच्या भिंतीही जुलैपर्यंत आतून गार पडतात. गिटार टांगली की तिच्या पाठीचा खालचा भाग भिंतीला टेकतो. म्हणजे भिंतीची ओल आणि गिटारचं लाकूड यांच्यामध्ये रंगाचा एक पापुद्रा तेवढा उरतो. दोन खोल्यांमधली, पलीकडे पाण्याचा नळ नसलेली, ऊन न चढणारी भिंत बहुतेक घरांत एखादी तरी सापडते. ती शोधा. हँगर कुठल्या कंपनीचा घ्यावा, यापेक्षा हा शोध कितीतरी महत्त्वाचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मनाने भिंतीच्या आत जाऊ या. ड्रिलचं टोक भिंतीला लागलं आहे अशी कल्पना करा. खाली फरशीवर वर्तमानपत्र अंथरलं आहे. टोक फिरू लागतं आणि कागदावर भुकटी पडते. तिचा रंग करडा आहे. हा गिलावा, सिमेंट-वाळूचा थर. दीड-दोन सेंटिमीटर तो चालतो. मग ड्रिलचा आवाज बदलतो, हाताला थोडा विरोध जाणवतो आणि करड्या भुकटीवर तांबडी रेघ पडू लागते. वीट लागली. इथे क्षणभर थांबा. भोकात ठोकायच्या गट्टीने धरायचं आहे ते या तांबड्या विटेला. गिलाव्यापुरतीच रुतलेली गट्टी काही महिने काहीही न दाखवता राहते आणि मग एके दिवशी स्क्रूसकट, रंगाच्या खपलीसकट बाहेर येते. विटेच्या भिंतीला ८ मिलिमीटरचं भोक आणि निदान ५० मिलिमीटर लांबीचा स्क्रू, एवढं धरून चालावं.

भुकटी बरंच काही सांगते. ती करडीच राहिली आणि टोक सहज आत जात राहिलं, तर आपण दोन विटांमधल्या दरजेत शिरलो आहोत. इंचभर बाजूला सरकावं. ती पांढरट, मऊ आणि भसाभसा पडू लागली तर भिंत सिपोरेक्सची, हलक्या ब्लॉकची आहे. नव्या इमारतींमध्ये हल्ली बहुतेक हीच. तिथे ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडायचं आणि हलक्या ब्लॉकसाठी वेगळी मिळते ती लांब गट्टी वापरायची, नाहीतर भोक आतून ढासळून सैल होतं. भुकटी करडी, पण टोक पुढेच सरकत नाही, ड्रिल किंचाळतं आहे, तर समोर काँक्रीटचा कॉलम किंवा बीम आहे. पकड उत्तम मिळेल, फक्त ते काम चांगल्या हॅमर ड्रिलचं आहे. आणि बोटाने टकटक केल्यावर पोकळ वाजणारं जिप्समचं पार्टिशन असेल, तर आतल्या उभ्या पट्टीत स्क्रू बसला पाहिजे. पट्टी सापडत नसेल तर दुसरी भिंत बघावी.

हँगर बसला. त्याचा पुढे आलेला हात पाहा. भिंतीपासून आठ-दहा सेंटिमीटर तो बाहेर असतो. गिटारचं वजन त्याच्या टोकावर येतं, म्हणून ते नुसतं खाली ओढत नाही. वरच्या स्क्रूला ते भिंतीतून बाहेर ओढतं आणि खालच्या बाजूला आत दाबतं. अकूस्टिक गिटारचं वजन असतं दोन किलोच्या आसपास, भरीव लाकडाच्या लेस पॉलसारख्या इलेक्ट्रिक गिटारचं चार-साडेचार किलो. हे फार नाही. पण गिटार टांगताना आणि काढताना जो हिसका बसतो, तो त्याहून मोठा असतो आणि तो दिवसातून अनेकदा बसतो. त्यामुळे गिटार लावण्याआधी हँगरला दहा किलो तांदळाची पिशवी दोरीने अडकवावी आणि रात्रभर तशीच राहू द्यावी. सकाळी हँगरची पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये केसाएवढीही फट दिसली नाही, तर मन निर्धास्त होतं. अशी निर्धास्तता मिळाल्याशिवाय गिटार वर जाऊ नये. शंकेने टांगलेल्या वस्तूखालून आपण रोज जरा बिचकूनच जातो.

उंचीचा विचार करायला फार वेळ लागत नाही. हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचं डोकं, आपल्या डोळ्यांच्या जरा वर, खालचं टोक सोफ्याच्या पाठीपासून आणि फरशी पुसायच्या दांड्यापासून दूर, दार उघडल्यावर त्याची कड पोहोचणार नाही अशी जागा. लहान मूल घरात असेल तर त्याचा हात जेमतेम तारांपर्यंत पोहोचावा की पोहोचू नये, हे ज्याने त्याने ठरवावं. मी तरी पोहोचू देईन.

आता गिटार वर आहे असं समजू. तिच्या नेककडे पाहा.

अशी लटकवून ठेवली तर नेक ओढली जाईल, वाकेल, ही भीती अनेकांच्या मनात असते. ती भीती बाजूला न सारता तिच्यासोबत थोडं बसू या. स्टीलच्या तारांचा नेहमीचा बारा गेजचा संच सुरात लावलेला असतो तेव्हा सहा तारा मिळून नेकला आणि ब्रिजला एकमेकांकडे सत्तर किलोहून थोड्या अधिक जोराने ओढत असतात. नायलॉनच्या तारांची ओढ साधारण त्याच्या निम्मी. सत्तर किलो म्हणजे एका मोठ्या माणसाचं वजन. ही गिटार कपाटाला टेकून उभी होती तेव्हाही ते सोसत होती, पेटीत आडवी होती तेव्हाही सोसत होती. आत्ता, आपण इथे शांत बसलेलो असताना, तिच्या अंगात ही ओढ चालूच आहे. तिच्यापुढे दोन किलोचं लटकणं काहीच नाही. हँगरची शिंगं हेडस्टॉकला खालून आधार देतात, नेकला कुठेही पिळत नाहीत. लटकण्याने नेक वाकते, ही भीती सोडून द्यायला हरकत नाही.

पण त्या सत्तर किलोंवरून मन लगेच हटवू नका. समोरची फळी पाहा, जिच्यावर ब्रिज चिकटवलेला आहे. चांगल्या अकूस्टिक गिटारमध्ये ती बहुधा स्प्रूसची असते आणि तिची जाडी असते जेमतेम तीन मिलिमीटर. एवढ्या पातळ फळीने ती ओढ पेलावी म्हणून आतल्या बाजूने लाकडाच्या बारीक पट्ट्या एकमेकींना छेद देत चिकटवलेल्या असतात. अमेरिकेत १८३३ साली सुरू झालेल्या मार्टिन कंपनीने १८४०च्या दशकात ही फुलीसारखी बांधणी आपलीशी केली आणि आजही स्टीलच्या तारांच्या बहुतेक गिटारी तिच्यावरच उभ्या आहेत. फळी जाड केली तर ती मजबूत होईल, पण बोलणार नाही. पातळ केली तर बोलेल, पण टिकणार नाही. गिटार करणारा माणूस या दोन्हींच्या मधल्या अगदी अरुंद जागेत काम करतो. आपल्या घरी आलेली गिटार मुळात मोडण्याच्या इतक्या जवळ ठेवूनच केलेली आहे. तिला सांभाळायचं म्हणजे काय सांभाळायचं, हे इथून उमगायला लागतं.

शिंगांवरचं आवरण एकदा बोटाने चाचपून पाहा. ते रबराचं किंवा मऊ प्लास्टिकचं असतं. आजच्या बहुतेक गिटारींवर पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टरचा कठीण थर असतो, त्याला रबराचा त्रास सहसा होत नाही. पण गिब्सनसारख्या काही कंपन्या नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरतात आणि जुन्या गिटारींवरही पुष्कळदा तेच असतं. रबरातली आणि मऊ प्लास्टिकमधली तेलकट द्रव्यं या लॅकरमध्ये उतरतात. थर चिकट होतो, काळपट डाग पडतो आणि तो पुसून जात नाही. आपल्या गिटारवर कुठला थर आहे हे ठाऊक नसेल तर शिंगांना जुन्या धोतराचा किंवा सुती साडीचा तुकडा गुंडाळून टाका. प्रश्नच मिटतो.

एक श्वास घ्या. आता लाकडाकडे येऊ. या मननाचा सगळ्यात मोठा भाग तोच आहे.

गिटारला बाहेरून चकचकीत थर असतो. आतून मात्र बहुतेक गिटारींचं लाकूड कोरंच असतं. समोरच्या गोल छिद्रातून आत नजर टाका: पट्ट्या, सरसाचे सुकलेले ओघळ, कुठे पेन्सिलची खूण, आणि उघडं लाकूड. त्या दहा सेंटिमीटरच्या तोंडातून खोलीतली हवा आत जाते-येते आणि लाकूड तिच्यातली वाफ घेतं, सोडतं. झाड तोडून कितीही वर्षं झाली तरी लाकडाचं हे घेणं-सोडणं थांबत नाही. वाफ घेतली की लाकूड रेषांना आडवं फुगतं. रेषांच्या लांबीत मात्र जवळजवळ फरक पडत नाही. समोरची फळी सर्वांत रुंद भागात चाळीस सेंटिमीटरच्या आसपास असते. मोकळी असती तर दमट हवेत ती काही मिलिमीटर रुंदावली असती आणि कोरड्या हवेत तेवढीच आक्रसली असती. पण ती मोकळी नाही. कडेने चिकटवलेली आहे, आतून पट्ट्यांनी बांधलेली आहे. जायला जागा नाही म्हणून दमट दिवसांत ती पोटासारखी वर येते, तारा नेकपासून उंच होतात, दाबायला जड जातात, आवाज बसतो. कोरड्या दिवसांत ती खाली बसते, तारा पडद्यांना घासून खरखरतात, नेक आक्रसून पडद्यांची धातूची टोकं कडेला बोटांना टोचायला लागतात. आणि कोरडेपणा फारच झाला तर एके रात्री फळी तडकते.

गिटार करणारे हवेतली आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राखून काम करतात. त्या हवेत ती जन्माला आली. आता आपली हवा आठवा. पुण्यात एप्रिलच्या कित्येक दुपारी आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा हवा भाजून निघालेली असते. मुंबईत जुलैमध्ये आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते आणि तिथेच मुक्काम करते. पुण्यातली गिटार एका वर्षात ही दोन्ही टोकं पाहते. कोकणातली गिटार कोरडेपणा फारसा पाहत नाही, पण दमटपणातून ती जवळपास कधीच पुरती बाहेर येत नाही. तिच्या तारा आठवड्यात गंजतात. विदर्भात तर एकाच खोलीत दोन्ही: बाहेर रणरणतं ऊन आणि खिडकीतल्या कूलरचा ओला झोत थेट भिंतीवर. कूलरसमोर गिटार टांगू नये. एसीच्या झोतासमोरही नाही, कारण तो हवा कोरडी करतो.

आपल्या शहरातला वैशाख आठवा. मातीच्या माठाला सुटलेला पाझर, ओठांना पडलेल्या भेगा, दाराच्या फळीत पडलेली फट. मग आषाढ आठवा. तेच दार चौकटीत घट्ट बसलेलं, मीठ पाणावलेलं, पापड मऊ पडलेले, कपड्यांना कुबट वास. हे सगळं भिंतीवरच्या गिटारलाही होतं. दाराचं आपल्याला कळतं, कारण ते रोज उघडावं लागतं.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या. नेकवरच्या पडद्यांखालची गडद लाकडाची पट्टी पाहा. ती रोजवूडची असेल, तर बहुधा आपली शिसव आहे. सह्याद्रीच्या आणि दक्षिणेतल्या जंगलांतलं हे झाड. ब्राझीलने आपल्या रोजवूडचे ओंडके बाहेर जाऊ देणं थांबवल्यावर मार्टिनने १९६९ मध्ये भारतीय शिसवीकडे मोर्चा वळवला आणि पुढे जगभरच्या गिटारींत ती गेली. शिसवीच्या कुळातल्या झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यातून सूट मिळाली. परदेशी नाव कोरलेल्या गिटारमध्ये आपल्याकडच्या डोंगरातलं लाकूड असावं आणि ते फिरून आपल्या घराच्या भिंतीवर यावं, ही गोष्ट मला फार जवळची वाटते. ज्या झाडाने सह्याद्रीचे शंभरएक पावसाळे उभ्याने झेलले, त्याच्या पातळ केलेल्या तुकड्याला आता आपल्या खोलीतला एक पावसाळा झेपत नाही. ते झाड जिवंत होतं आणि पाणी वर-खाली नेत होतं. हा तुकडा आपल्या हवाली आहे.

मग टांगावी की पेटीत ठेवावी? माझं उत्तर ऋतूवर बसलेलं आहे. मृग लागलं, जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पावसाने सूर धरला, की गिटार भिंतीवरून उतरवून कडक पेटीत ठेवावी. सोबत सिलिका जेलच्या पुड्या असाव्यात. दाण्यांचा रंग बदलला की त्या बदलाव्यात. पेटी माळ्यावर चढवू नये आणि फरशीवरही ठेवू नये. उघडीप मिळेल त्या दिवशी ती उघडावी, गिटार बाहेर काढून वाजवावी, तारा कोरड्या सुती फडक्याने पुसाव्यात. बंद पेटीतली दमट हवा बाहेरच्या हवेपेक्षा बरी नसते. बुरशी तिथेही धरते. आणि दसऱ्याला ती परत भिंतीवर यावी. खंडेनवमीला आपण हत्यारं, अवजारं, वाद्यं पुसून पूजेला मांडतोच. त्याच दिवशी हँगरचे स्क्रू आवळून पाहावेत, गट्टी हलते का बघावं, शिंगांवरचं फडकं बदलावं, भिंतीवर तळहात ठेवून ओल गेली का ते पाहावं. झेंडूचं फूल वाहावं. हळद-कुंकू मात्र लाकडाला लावू नये, कुंकवाचा डाग उठतो.

ज्यांच्या घरात तंबोरा आहे त्यांना हे नवं नाही. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा किती नाजूक असतो हे त्यांनी पाहिलेलं असतं. गवसणी चढवल्याशिवाय ते तो कोपऱ्यात ठेवत नाहीत, आणि पाऊस लागला की जवारी बिघडते हे त्यांना कान सांगतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या गावातल्या कारागिरांनी पिढ्यान् पिढ्या हवेचा हाच अभ्यास केला आहे. गिटार आपल्या घरांत उशिरा आली, पण तिला लागणारी काळजी आपल्याकडे आधीपासून होती.

आता पंखा बंद असेल तर उत्तम. गिटार सुरात आहे ना, पाहून घ्या. समोर हातभर अंतरावर बसा. पाठ सैल, जबडा सैल. तोंड मिटून एक स्वर लावा. हार्मोनियम जवळ असेल तर पांढरी पाच घ्या, म्हणजे तिसऱ्या तारेचा स्वर. तिची कंपनं सेकंदाला १९६. खालचा आवाज असेल तर पांढरी सहा, म्हणजे पाचवी तार, सेकंदाला ११० कंपनं. स्वर सावकाश वर-खाली सरकवत जा. घाई करू नका. एका ठिकाणी, अगदी एकाच ठिकाणी, काहीतरी बदलेल. स्वर तिथे धरून ठेवा. मग एकदम थांबा.

ऐका.

भिंतीवरून तोच स्वर येतो आहे. कुणी हात लावलेला नाही. तुमच्या गळ्यातून निघालेली हवेची थरथर फळीपर्यंत, ब्रिजपर्यंत, तारेपर्यंत पोहोचली आणि ज्या तारेचा तो स्वर होता ती तेवढी हलली. सतारीच्या तरफेच्या तारा याच न्यायाने बोलतात. आता तर्जनी त्या तारेवर हलकेच टेकवा, स्वर बंद. उचला, पुन्हा गुणगुणा, पुन्हा उत्तर. हे हवं तितक्या वेळा करा. दुसरी तार शोधा, चौथी शोधा. मधूनच खालच्या रस्त्यावरून ट्रक जाईल आणि सहावी तार दबक्या आवाजात घुमेल. स्वयंपाकघरात भांडं पडेल आणि वरच्या तारा क्षणभर चमकतील.

भिंतीवरची गिटार दिवसभर हेच करत असते. घरातलं बोलणं, टाळ्या, दाराची बेल, सगळं तिच्यापर्यंत जातं आणि त्यातलं जे तिचं आहे त्याला ती उत्तर देते. आपल्याला ते ऐकू येत नाही, कारण आपण बोलत असतो. पेटीत बंद असलेल्या गिटारच्या बाबतीत हे होत नाही. टांगण्याच्या बाजूने मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट हीच आहे. सुरक्षितता मोजली तर पेटी केव्हाही वरचढ. तिच्यात धूळ नाही, ऊन नाही, चेंडू नाही, पालीची विष्ठा नाही. पण पेटीची कुलपं उघडण्याएवढा वेळ नाही असं म्हणत आपण दिवस घालवतो. भिंतीवरची गिटार येता-जाता हाताला लागते. चहा उकळेपर्यंतच्या चार मिनिटांत माणूस ती उतरवतो, दोन कॉर्ड वाजवतो, परत लावतो.

आणि त्या चार मिनिटांत तिची तपासणी होऊन जाते. काल गुळगुळीत असलेली नेकची कड आज बोटाला टोचली, तर हवा कोरडी पडली आहे. तिसऱ्या पडद्यावर तार दाबायला जड गेली, तर फळी फुगते आहे. तार हाताला खरखरीत लागली, तर गंज धरला. हँगरवर ठेवताना किंचित हललं, तर स्क्रू सैल. गुणगुणल्यावर उत्तर कमी आलं, तर तारा मेल्या किंवा लाकूड दमट झालं. ब्रिजच्या मागच्या कडेला कागदाची कड शिरेल एवढी फट दिसली, तर तारा सैल करून थेट दुरुस्ती करणाऱ्याकडे. यातलं एकही लक्षण लांबून दिसत नाही. सगळी हाताला कळतात, आणि तीही कालचं आठवत असेल तरच. एखादा साधा आर्द्रतामापक भिंतीवर जरूर लावा, आकडा बघायची सवय चांगली. पण तो खोलीची हवा सांगतो. लाकडाचं तुमच्या बोटांनाच विचारावं लागतं.

म्हणून टांगलेल्या गिटारची राखण स्क्रूकडे थोडी आणि रोजच्या हाताकडे बरीच असते, असं मी मानतो. हात लागत असेल तर साध्या हँगरवरही ती वर्षानुवर्षं सुखाने राहते. हात लागत नसेल, तर महागडा हँगर तिला भिंतीवर धरून ठेवतो आणि ती तिथे सावकाश बिघडत जाते. वरच्या कडेवर धुळीचा थर, पाठीमागे कोळ्याचं जाळं, भिंतीवर खालच्या टोकाची काळपट चंद्रकोर उमटलेली. अशा गिटारी मी अनेक दिवाणखान्यांत पाहिल्या आहेत आणि प्रत्येक वेळी जीव हळहळला आहे. कुणीतरी कधीतरी हौसेने आणलेली असते. मुलगा शिकायला बाहेरगावी गेलेला असतो, नाहीतर नोकरी, संसार, कामं. दोष कुणाचा नसतो.

तेव्हा एक शेवटचा प्रश्न मनाला विचारा आणि उत्तर येईपर्यंत बसून राहा. समोरच्या या गिटारला मी गेल्या महिन्यात हात लावला का? गेल्या वर्षात?

उत्तर हो असेल तर उठा, ती उतरवा आणि वाजवा. उत्तर नाही असं असेल आणि पुढेही वेळ मिळेलसं वाटत नसेल, तर तिला शोभेसाठी भिंतीवर ठेवू नका. तुमच्या सोसायटीत, शाळेत, गावात गिटार शिकू पाहणारी आणि स्वतःची नसलेली मुलं आहेत. नव्या तारांचा एक संच आणा, फळी पुसा, पेटी असेल तर पेटीसकट आणि हँगर काढून हँगरसकट, त्यांतल्या एकाला ती देऊन टाका.